टर्बोचं तोंड उघडताना: इनलेट होज घरच्या घरी बदलण्याची रीत

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीचा चढ लागतो. एका डिसेंबरात त्या चढावर माझी जुनी डिझेल हॅचबॅक तिसऱ्या गिअरला धापा टाकायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की बोनेटखालून 'सुस्स' असा आवाज यायचा आणि पिकअप मात्र नावाला नाही. मागे धूर नव्हता. ही खूण महत्त्वाची होती, पण तेव्हा मला ती वाचता आली नाही. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तर उभ्या उभ्या निकाल लागला: "टर्बो गेलाय." टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. खर्चाचा आकडा ऐकून मी समोर आलेला चहा तसाच ठेवून निघालो. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन बसलो. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लिपच्या अगदी शेजारी, खालच्या अंगाला, बोटभर चीर सापडली. टर्बो ठणठणीत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ती नळी मी स्वतः बदलली. त्यानंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तीन गाड्यांच्याही बदलल्या. काम तसं अवघड नाही. दोन क्लिपा, एक-दोन छोटे पाइप, एक वायरचा सॉकेट, बास. तरीही नवशिक्याने ते गाफीलपणे करू नये, कारण नळी काढली की टर्बोचं तोंड उघडं पडतं आणि त्या तोंडात जे जाईल ते थेट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या पंख्यावर आदळतं. त्यामुळे पुढे पाना कसा फिरवायचा यापेक्षा त्या तोंडात काही पडू कसं द्यायचं नाही, यावर मी जास्त बोलणार आहे.

आधी नळी नीट ओळखा

दुकानात गेलात तर तीन वेगवेगळ्या नळ्यांना 'टर्बो पाइप' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. हवेची वाट डोक्यात पक्की करून घ्या. हवा आधी एअर फिल्टरच्या डब्यात येते. डब्याच्या तोंडाशी बहुतेक गाड्यांत एमएएफ सेन्सर असतो, म्हणजे आत किती हवा गेली ते मोजणारा. त्याच्या पुढे टर्बोच्या कंप्रेसरपर्यंत, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंख्यापर्यंत, जी नळी जाते ती इनलेट होज, आपल्या कामाची. टर्बोने दाबलेली हवा दुसऱ्या नळीने इंटरकूलरकडे, म्हणजे तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाते आणि तिसऱ्या नळीने इंटरकूलरमधून इंजिनात. या दोन प्रेशरच्या नळ्या, त्यांना आपण आज हात लावायचा नाही.

फरक असा की पुढच्या नळ्यांत हवा बाहेर ढकलली जाते, आणि आपल्या नळीत ती आत ओढली जाते. इनलेट होज फाटली तर हवा बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत शिरते, तीही फिल्टरला बगल देऊन. १.३ लिटरचं इंजिन २००० आरपीएमवर टर्बोशिवायसुद्धा मिनिटाला साडेबाराशे लिटरच्या आसपास हवा ओढतं. टर्बो जोरात असताना हा आकडा दुपटीकडे जातो. ऊस वाहतुकीच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर काय धूळ असते ते आठवा, म्हणजे बोटभर चिरेतून आत काय जात असेल याचा अंदाज येईल. ती धूळ आधी कंप्रेसरची पाती घासते, मग सिलिंडरच्या भिंती.

दुखणं नळीचंच आहे कशावरून?

पार्ट मागवण्याआधी हे पक्कं करा. नळी फाटली की फिल्टरपाशी मोजलेली हवा आणि इंजिनात प्रत्यक्ष गेलेली हवा यांचा मेळ बसत नाही. पेट्रोल टर्बो गाडी न मोजलेल्या हवेमुळे आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, थरथरते, कधी बंदही पडते. मिश्रण पातळ झाल्याचा (हवा जास्त, पेट्रोल कमी) पी ०१७१ हा बिघाडाचा कोड गाडीच्या कंप्यूटरमध्ये येऊ शकतो. डिझेलमध्ये सेन्सर कमी हवा सांगतो, म्हणून कंप्यूटर डिझेलही हात आखडून सोडतो आणि गाडी मरगळते, पण धूर फारसा करत नाही. खंबाटकीवर मला न कळलेली खूण हीच. पी ०१०१, म्हणजे एमएएफच्या आकड्यात गडबड, हा कोड अशा वेळी दिसतो.

उलट, काळाकुट्ट धूर, पिकअप गायब आणि पी ०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) कमी असा कोड असेल, तर आधी टर्बोच्या पुढच्या, प्रेशरच्या नळ्या तपासा. मोजलेली हवा तिथून गळून जाते आणि डिझेल मात्र पुरेपूर पडतं, म्हणून धूर. एक अपवाद लक्षात ठेवा. इनलेट होज तेलाने मऊ पडून ओढीबरोबर आत चिमटत असेल, तर हवाच कमी पडते आणि तेव्हाही बूस्ट कमीचा कोड येऊ शकतो. गाडी उभी असताना अशी नळी धडधाकट दिसते. बोटांनी दाबून पाहिली की उकडलेल्या वांग्यासारखी लागते.

ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्यूटरला जोडायचं यंत्र, घेऊन ठेवा, मोबाइलवर कोड वाचता येतात. पण कोड म्हणजे निदान नव्हे. कोड कुठे बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. इंजिन बंद आणि थंड असताना नळी टोकापासून टोकापर्यंत चाचपा. चिरा बहुतेक वेळा तीन जागी पडतात: क्लिपच्या कडेला, जिथे पट्टी रबरात रुतते; घडीघडीच्या लवचिक भागात, घड्यांच्या तळाशी, त्यामुळे तो भाग ताणून वाकवून बघितल्याशिवाय दिसत नाहीत; आणि खालच्या बाजूला, जिथे तेल साचतं. मोबाइलचा कॅमेरा खाली घालून फोटो काढा, आरशापेक्षा बरं पडतं. पावसाळ्यात गाडी दोन आठवडे उभी राहिली असेल तर उंदरांचे दात शोधा. ती चीर वेगळी ओळखू येते, कडा कुरतडलेल्या असतात आणि आसपास लेंड्या.

साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघायची युक्ती इथे चालत नाही. ती प्रेशरच्या नळीची युक्ती. इथे पाणी आत ओढलं जाईल आणि बुडबुडा काही येणार नाही. कुणी चालू इंजिनवर कार्ब्युरेटर क्लिनर फवारायला सांगेल. टर्बोचा तापलेला भाग वितभर अंतरावर असताना ज्वालाग्राही स्प्रे मारण्यात कसली हुशारी? मी पाणी द्यायच्या पाइपचा हातभर तुकडा घेतो, एक टोक कानाला, दुसरं नळीजवळ. आयडलला फुसफुस ऐकू येते, वैद्याच्या नळीसारखी. फक्त हे करताना पंखा आणि बेल्टपासून हात, बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी सगळं लांब.

नळी का खराब होते, आणि नवी कोणती घ्यावी

इंजिनाच्या पोटात साठलेली वाफ आणि तेलाचे सूक्ष्म थेंब बाहेर न सोडता परत जाळायला पाठवतात. त्यासाठी ब्रीदर पाइप असतो आणि तो बहुधा याच इनलेट होजला जोडलेला असतो. म्हणजे नळी आतून कायम तेलकट. वरून बोनेटखालची भट्टी आणि इंजिनाचा हादरा. आठ-दहा वर्षांत रबर एकतर फुगून मऊ पडतं किंवा कडक होऊन तडकतं.

पार्ट घेताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही, चासिस नंबर द्या. १२४८ सीसीच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचंच उदाहरण घ्या. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात ते बनायचं, आणि तेच इंजिन फियाट पुंटोत, टाटाच्या इंडिका व्हिस्टात आणि मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्येही होतं. इंजिन एक, पण बोनेटखालची मांडणी प्रत्येकाची निराळी, म्हणून नळीचा आकार निराळा. "मल्टिजेटची द्या" म्हणालात तर दुकानदार काहीतरी नक्की देईल, बसेलच असं नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे जुनी नळी हातात घेऊन गेलात तर शेजारी शेजारी धरून ताडता येते. पण मग तोवर गाडी उभी. मी आधी चासिस नंबरवरून पार्ट नंबर काढतो आणि मगच पाना हातात घेतो.

चकचकीत निळ्या-लाल सिलिकॉन होजचा मोह अनेकांना होतो. सिलिकॉन उष्णता छान सोसतं, पण साधं सिलिकॉन तेलाला टिकत नाही, तेल त्यातून पाझरतं. इनलेटला सिलिकॉन लावायचंच तर आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर असलेलं हवं, आणि ओढीने चिमटू नये म्हणून आत तारेचं कडं किंवा कापडाचे पुरेसे पदर हवेत. पेट्रोल गाडीच्या कूलंटसाठीची नळी कापून इथे बसवू नका. आणि चिकटपट्टी? एकदा घरी पोहोचण्यापुरती ठीक. तेलकट रबरावर ती दोन दिवस धरत नाही, आणि सुटलेला तुकडा कुठे जाईल ते सांगायला नको.

नळीबरोबर क्लिपाही नव्या आणा. मूळ क्लिप चिमटा मारून कायमची बसवलेली असेल तर ती कापूनच काढावी लागते. त्या जागी योग्य मापाची, कडा गोल वळवलेली जुबली क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची पट्टी, चालते. स्प्रिंगची क्लिप असेल आणि तिची ताकद शाबूत असेल तर तीच परत वापरा. रबर तापून-थंडावून फुगतं-आक्रसतं, त्याच्याबरोबर ती आपोआप जुळवून घेते.

हाताशी काय हवं

रॅचेट, लांब एक्स्टेन्शन आणि जमल्यास वाकणारा जोड. जुबली क्लिपचं डोकं बहुधा ७ किंवा ८ मिलिमीटरचं असतं, त्याचा सॉकेट. स्क्रू ड्रायव्हरनेही क्लिप फिरते, पण तो अडचणीच्या जागी निसटतो आणि थेट रेडिएटरच्या जाळीत घुसतो. बॅटरीसाठी दहाचा पाना. स्प्रिंग क्लिपसाठी पकड. डोक्याला लावायचा टॉर्च. चुंबक लावलेली दांडी, पडलेला स्क्रू उचलायला. एक लहान वाटी, स्क्रू ठेवायला. ब्रश. आणि दोन मोठी, धागे न सुटणारी, भडक रंगाची फडकी. जुन्या बनियनच्या चिंध्या नकोत. भडक रंग एवढ्यासाठी, की टर्बोच्या तोंडात कोंबलेलं फडकं विसरून इंजिन चालू करणारे लोक असतात. मी तर फडक्याला सुतळी बांधून ती बोनेटच्या कडीला अडकवतो आणि गाडीची किल्ली दुसऱ्या टोकाला.

वेळ? पहिल्यांदा करत असाल तर अख्खी सकाळ धरा. सवय झाल्यावर तासाभरात होतं. मात्र काही गाड्यांत हे काम घरचं नाहीच. सुबारूच्या आडव्या सिलिंडरच्या टर्बो इंजिनांत ही नळी इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाच्या) खालून जाते, म्हणजे नळीसाठी मॅनिफोल्ड उचलावा लागतो. तुमच्या गाडीत नळीचं दुसरं टोक टॉर्चने दिसतच नसेल, तर आधी मॅन्युअल वाचा आणि मग ठरवा.

काम

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. टर्बोच्या एक्झॉस्टच्या बाजूला जोरात चालवलेल्या डिझेलमध्ये ७०० अंशांच्या घरात तापमान जाऊ शकतं आणि ते लोखंड उष्णता धरून बसतं. आदल्या रात्री लावलेली गाडी सकाळी उघडणं सगळ्यात बरं. वाऱ्याच्या दिवशी, झाडाखाली हे काम करू नका. माझ्या एका सकाळी गुलमोहराचा पाला बोनेटमध्ये पडत होता, शेवटी गाडी ढकलून आत घेतली.

बॅटरीची काळी केबल सोडा. काही गाड्यांत त्यामुळे म्युझिक सिस्टिमचा कोड मागितला जातो, तो आधी शोधून ठेवा. मग काहीही सुटं करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. कोणती वायर कशाच्या वरून जाते, क्लिपचं डोकं कुठल्या दिशेला आहे, हे दोन तासांनी आठवत नाही.

आता ब्रश आणि फडक्याने नळीची दोन्ही टोकं आणि आजूबाजूची धूळ झाडा. या पायरीला लोक हसतात, पण मी इथे पंधरा मिनिटं घालवतो. जोडावर बसलेली वाळू नळी ओढताक्षणी आत सांडते. हवा भरायच्या पंपाची हवा मारायची असेल तर आत्ता, नळी जागेवर असतानाच. तोंड उघडल्यावर हवा मारायची नाही.

इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण बहुधा रबरी गुट्ट्यांवर दाबून बसवलेलं असतं. सरळ वर उचला, एका कोपऱ्यातून मुरडू नका. पुढे एमएएफ सेन्सरचा सॉकेट. त्याचं लॉक दाबा आणि सॉकेटच्या अंगाला धरून ओढा, वायरीला धरून नाही. जुनं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं, त्यामुळे धीराने. सेन्सरच्या आतल्या तारेला बोट किंवा फडकं लावू नका.

मग ब्रीदर पाइप. दाबायचा चिमटा असेल तर दोन्ही बाजूंनी दाबून, हलकेच गोल फिरवत काढा. पेट्रोल टर्बोत आणखी एखादा छोटा पाइप या नळीला मिळतो, जादा दाब परत आणणारा. तोही सोडा. प्रत्येकाला रंगीत दोरा बांधून खूण करा.

आता फिल्टरकडची क्लिप ढिली करा. पूर्ण उघडू नका, ढिली करून मागे सरकवा. काही गाड्यांत डब्याचं झाकणच उचलून बाजूला घेतलं तर जागा मोकळी होते.

टर्बोकडची क्लिप हीच खरी परीक्षा. हात पोचत नाही, डोळा पोचला तर हात नाही आणि हात पोचला तर डोळा नाही. लांब एक्स्टेन्शन लावा, सॉकेट डोक्यावर नीट बसला याची बोटाने खात्री करा आणि मगच फिरवा. वरून जमत नसेल तर खालचं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण काढून खालून बघा. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर तिच्याखाली शिरायचं नाही, जॅक स्टँड लावल्याशिवाय नाहीच नाही.

क्लिप ढिली झाली तरी नळी सुटत नाही, रबर चिकटलेलं असतं. ओढू नका, पिळा. दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवली की चिकटा तुटतो. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह आवरा, कंप्रेसरचं तोंड ॲल्युमिनियमचं असतं आणि त्यावर पडलेली खोच कायमची गळती होते. नळी टाकायचीच आहे तर वरचा पदर ब्लेडने जपून चिरता येतो, पण धातूला धार लागू न देता आणि चुरा आत न पाडता.

नळी निघाली त्याच क्षणी फडकं तोंडावर. आधी फडकं, मग नळी बघणं. नळीच्या तोंडाकडून एकही तुकडा गायब नाही ना, हे जोडून बघा. रबराचा तुकडा कमी दिसला तर तो सापडेपर्यंत काम थांबवा. फिल्टरच्या डब्याचं तोंडही झाका.

तोंड उघडंच आहे तर आत डोकावून घ्या

अशी संधी पुन्हा पुन्हा येत नाही. फडकं काढा, टॉर्च मारा. आत पात्यांचं चक्र दिसेल. पातळ तेलकट थर दिसला तर घाबरू नका, ते ब्रीदरमधून आलेलं असतं. तेलाचं थारोळं असेल तर मात्र प्रश्न आहे. पात्यांच्या कडा सरळ आणि सारख्या असाव्यात. वाकलेली, कुरतडल्यासारखी किंवा वाळूने घासून पातळ झालेली दिसली, तर आजवर आत काय काय गेलं त्याचा हिशेब तुमच्यासमोर आहे.

स्वच्छ बोटाने मधला आस हलकेच हलवा. आडवा किंचित हलतो, ते ठीक. बेअरिंग तेलाच्या थरावर फिरतात, म्हणून तेवढी मोकळीक असतेच. पण हलवताना पातं भोवतालच्या भिंतीला टेकत असेल, किंवा आस आतबाहेर सरकल्याचं बोटाला जाणवत असेल, तर नवी नळी लावून उपयोग नाही, टर्बो जाणकाराला दाखवा. चक्र बोटाने फिरवलं तर मोकळं, आवाज न करता फिरायला हवं. तोंडाची बाहेरची कड, जिथे नळी बसते, ती स्वच्छ फडक्याने पुसा. सँडपेपर वापरायचा नाही, त्याचे कण आत जातात.

आणि हे लक्षात असू द्या: नळी काढलेली असताना "नुसतं बघतो" म्हणून इंजिन कधीही चालू करायचं नाही. ती ओढ फडकं खेचते, बाही खेचते, बोटही खेचते.

नवी नळी बसवणं

जुनी आणि नवी नळी शेजारी ठेवा. लांबी, वाक, छोट्या पाइपांची तोंडं, सगळं जुळतंय ना? ब्रीदरचं तोंड पाच अंशाने फिरलेलं असलं तरी पाइप ताणला जातो. नव्या नळीत आत डोकावा, पॅकिंगचा कागद, थर्मोकोलचा कण, काहीही असू शकतं. ती स्वच्छ फडक्याने आतून पुसून घ्या.

क्लिपा नळीवर आधीच चढवा आणि डोकं अशा दिशेला ठेवा की पुढच्या वेळी पाना पोचेल. तोंडावरचं फडकं आता, शेवटच्या क्षणी, काढा आणि मोजा: दोन फडकी घातली होती तर दोन बाहेर आली ना?

नळी जड जात असेल तर आतल्या कडेला स्वच्छ पाण्याचं बोट फिरवा, फारतर साबणाचा एखादा थेंब. ग्रीस नको, इंजिन ऑइल नको, सिलिकॉन स्प्रे नको. ग्रीस-तेलाने जोड पुढे घसरतो, आणि सिलिकॉनचा फवारा हवेतून सेन्सरवर बसला तर नवीच भानगड. थंडीत रबर कडक असेल तर नळी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, आतून-बाहेरून कोरडी करून घ्या.

आधी टर्बोकडचं टोक बसवा, ते अवघड. धातूच्या तोंडाला कडेशी उंचवटा असतो. नळी त्याच्या पलीकडे पूर्ण सरकली पाहिजे आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. नवशिक्यांची नळी दोन दिवसांनी निसटते ती याच चुकीने. नळीवर आणि तोंडावर जुळवायची खूण असेल तर ती समोरासमोर आणा. बोट सगळीकडून फिरवून बघा, खालच्या बाजूने अर्धवट राहिलेली नाही ना.

मग फिल्टरकडचं टोक, ब्रीदर, बाकीचे पाइप. सगळं जागेवर आल्यावर नळीला हलकेच हात लावून ती पिळवटलेली नाही हे बघा आणि मगच क्लिपा आवळा. किती? जुबली क्लिपला साधारण ३ ते ५ न्यूटन-मीटर पुरतात, मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच खरा. टॉर्क पाना नसेल तर पट्टी रबरावर सगळीकडून सारखी बसली आणि नळी हाताने फिरेनाशी झाली की थांबा. पट्टीच्या खाचांतून रबर वर यायला लागलं म्हणजे तुम्ही पुढे गेलात. या नळीत दाब नसतो, ओढ असते. पहिलवानी आवळल्याने ती जास्त बंद होत नाही, उलट कडेला कापली जाते. माझी पहिली नळी तशीच कापली गेली होती, कुणीतरी जोर लावून आवळलेल्या क्लिपखाली.

नळी टर्बोच्या उष्णतारोधक पत्र्याला, बेल्टला किंवा एखाद्या धारदार कडेला टेकत नाही ना, बघा. इंजिन हादरताना मागेपुढे हलतं, तेवढी जागा सोडा. एअर फिल्टर उघडलाच आहे तर तोही पाहून घ्या. काळाठिक्कर असेल तर बदला, नव्या नळीमागे तुंबलेला फिल्टर ठेवण्यात अर्थ नाही.

सेन्सरचा सॉकेट 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. वाटीतले स्क्रू मोजा, एक जरी उरला तरी तो कुठला ते कळेपर्यंत किल्ली हातात घेऊ नका. शेवटी बॅटरी.

चालू केल्यावर

दोन मिनिटं आयडलला ठेवा. नळीचा तुकडा कानाला लावून दोन्ही जोड ऐका. मग कुणाला तरी ॲक्सिलरेटर सावकाश २००० पर्यंत न्यायला सांगा आणि लांबून नळीकडे बघा, ती आत चिमटत नाही ना. शिट्टी, खरखर, घासल्यासारखा आवाज आला तर लगेच बंद. डिझेल इंजिन पाय काढल्यावरही आपोआप चढत्या आवाजात धावायला लागलं तर ते कुठूनतरी तेल पिऊन चाललंय. अशा वेळी किल्लीने बंद होत नाही. ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवायचं. नुसती नळी बदलताना हा प्रसंग येण्याची शक्यता फार कमी, पण टर्बोला हात लावणाऱ्याला ही युक्ती माहीत हवी.

जुना कोड स्कॅनरने पुसा आणि गाडी फिरवून आणा. आधी पाच-सात किलोमीटर सपाटीवर, मग एखादा चढ. बॅटरी काढल्यामुळे पहिले काही किलोमीटर आयडल किंचित वरखाली वाटू शकतं, ते निवळतं. कोड परत आला तर नळीवर पुन्हा संशय घेण्याआधी सेन्सरचा सॉकेट आणि ब्रीदरचं टोक तपासा. माझ्या अनुभवात परत आलेल्या कोडाचं कारण बहुतेकदा अर्धवट बसलेला सॉकेट असतो.

घरी आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि दोन्ही क्लिपा बोटाने चाचपा. नवं रबर पहिल्या उष्णतेत थोडं बसतं, त्यामुळे शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा. पाव फेरा फिरला तर फिरला, नाही तर जोर करू नका. उंदरांनी खाल्लेली नळी बदलली असेल, तर गाडी लावायची जागाही बदला. धान्याच्या पोत्यांपासून, कचऱ्याच्या डब्यापासून दूर, आणि आठवड्यातून दोनदा तरी चालवलेली बरी. जुनी नळी मी लगेच फेकत नाही. चीर नेमकी कुठल्या वाकाला होती, त्या जागी खडूने खूण करून ती माळ्यावर ठेवतो, पुढच्या तपासणीला टॉर्च आधी तिथेच मारायचा असतो.